दोन फ्रेम म्हणजे किती?

पुण्यातील एका छोट्या गेम स्टुडिओत मी प्रोग्रामिंग करतो. त्या दिवशी ग्राहकाने आमचा खेळ स्वतःच्या फोनवर लावून पाहिला, तेव्हा खेळातील पोस्टमनचे पाय पंख्याच्या पात्यांसारखे गरगरत होते आणि तो स्वतः मात्र रमतगमत पुढे सरकत होता. "ह्याच्या मागे कुत्रं लागलंय का?" असे ग्राहकाने विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

चालण्याची आठ चित्रे एका स्प्राइट शीटमध्ये ओळीने मांडलेली होती. ती काढणाऱ्या ताई अनेक वर्षे टीव्हीसाठी हाताने अ‍ॅनिमेशन करत आल्या होत्या. शीटसोबतच्या त्यांच्या चिठ्ठीत "प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरावे" एवढेच लिहिलेले होते आणि मी ते अक्षरशः पाळले होते. स्क्रीन दोनदा ताजी झाली की पुढचे चित्र दाखवायचे, असा कोड मी लिहिला होता. माझ्या ६० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या मॉनिटरवर चाल जरा लगबगीची वाटे, पण पोस्टमन घाईतच असणार असे मी गृहीत धरले. ग्राहकाचा फोन १२० हर्ट्‌झचा निघाला.

मी ताईंना फोन केला. त्या हसल्या. "अरे, दोन फ्रेम म्हणजे चोवीसातल्या दोन!"

त्यांच्या हिशेबाने सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक चित्र सुमारे ८३ मिलिसेकंद टिकायला हवे होते. माझ्या मॉनिटरवर ते ३३ आणि ग्राहकाच्या फोनवर जेमतेम १७ मिलिसेकंद टिकत होते, म्हणजे पाय पाचपट वेगाने हलत होते. पुढे सरकण्याचा वेग मात्र मी डेल्टा टाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणून काढला होता, म्हणून तो दोन्हीकडे सारखाच राहिला. जुन्या संगणकांच्या कॅबिनेटवर टर्बो नावाचे बटण असे, ते प्रोसेसरच्या गतीवर बेतलेले जुने खेळ नव्या यंत्रावर सुसाट पळू नयेत म्हणूनच. हे मी नव्या मुलांना उत्साहाने सांगत असे आणि तीच चूक मी स्वतः करून बसलो होतो.

दुरुस्ती चार ओळींची होती. गेलेला वेळ साठवत जायचा, तो ८३.३३ मिलिसेकंदांपर्यंत पोहोचला की चित्र बदलायचे आणि साठ्यातून तेवढाच वेळ वजा करायचा. इथे साठा शून्य करून चालत नाही, कारण ९० हर्ट्‌झच्या फोनवर एका चित्राच्या वाट्याला साडेसात फ्रेम येतात आणि उरलेली अर्धी फ्रेम दर वेळी वाया गेली, तर चाल सतत थोडी मंद राहते.

संध्याकाळी आम्ही ठरवले की चित्राला चित्रच म्हणायचे, वेळ मिलिसेकंदांत लिहायची आणि फ्रेम हा शब्द फक्त स्क्रीनपुरता ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ताईंची नवी चिठ्ठी आली: "झाड वरच्या लेयरवर ठेवावे." त्यांचा लेयर म्हणजे चित्रातला थर, माझा खेळातल्या वस्तूंची टक्कर तपासण्याचा. कोड उघडण्याआधी मी फोन उचलला.