पुढची बस किती वेळाने?

मध्यम आकाराच्या शहरात बसचे प्रवासी वाढू लागले की त्याचे श्रेय सहसा नव्या गाड्यांना, वातानुकूलनाला किंवा मोबाइलवरच्या ॲपला मिळते. या सोयी मलाही हव्याच आहेत; परंतु अनेक वर्षे बसने ये-जा केल्यावर माझे मत असे झाले आहे की प्रवासी सगळ्यात आधी एकच हिशेब मांडतो, तो म्हणजे ही बस चुकली तर पुढची किती वेळाने मिळेल. उत्तर १० मिनिटे असेल, तर तो वेळापत्रक न पाहताच घराबाहेर पडतो. ४० मिनिटे असेल, तर दुचाकीची किल्ली शोधू लागतो.

हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये या हिशेबाची दुसरी बाजू मांडली. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात आणि फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचे थांब्यावर ताटकळणे कमी होते; म्हणजे नव्याने आलेला प्रवासी नकळत जुन्या प्रवाशाचाही वेळ वाचवतो. मोटारींच्या रस्त्यावर याच्या नेमके उलट घडते, कारण तिथे प्रत्येक नवी गाडी आधीच्या सगळ्यांना थोडा अधिक उशीर करते. मात्र हे चक्र उलटेही फिरते. तोट्याची म्हणून एक फेरी बंद केली की उरलेल्या फेऱ्यांचे काही प्रवासी तुटतात, मग त्या फेऱ्याही तोट्यात दिसू लागतात, आणि शेवटी 'लोकांना बस नकोच आहे' असा निष्कर्ष कागदावर उतरतो.

फेऱ्या वाढवायला पैसा लागतो हे खरे, तरीही नव्या बस विकत घेणे हा एकच उपाय नाही. एखाद्या मार्गावर जाऊन-येऊन, शेवटच्या थांब्यावरची विश्रांती धरून, ६० मिनिटे लागत असतील, तर दर १० मिनिटांनी बस सोडण्यासाठी ६ गाड्या लागतात. तीच फेरी ५० मिनिटांत पूर्ण झाली, तर ५ गाड्यांत तेवढीच सेवा देता येते आणि सहावी गाडी, तिच्या चालकासह, दुसऱ्या मार्गासाठी मोकळी होते. ही १० मिनिटे गाडी वेगाने पळवून वाचत नाहीत. ती वाचतात सिग्नलवर, थांब्यावर आणि तिकिटाच्या सुट्या पैशांत. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ पासून बससाठी स्वतंत्र मार्गिका राखल्या आणि १९९१ पासून नळीच्या आकाराचे थांबे उभारले, ज्यांत शिरतानाच भाडे द्यायचे आणि मग बसच्या मजल्याच्या उंचीवरून सरळ आत पाऊल टाकायचे. पायऱ्या चढणे आणि दारात पैसे मोजणे, दोन्ही कामे त्यामुळे बसच्या वेळेतून वजा झाली.

तिकीट माफ केले तर प्रवासी वाढतील का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. एस्टोनियाची राजधानी तालिन येथे २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांना मोफत प्रवास मिळाला, पण सुरुवातीची वाढ अपेक्षेच्या मानाने बेताचीच होती. फ्रान्समधील डंकर्क शहराने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये तिकीट काढून टाकले तेव्हा मार्गांचीही फेरमांडणी केली आणि ५ मुख्य मार्गांवर दर १० मिनिटांच्या बसची व्यवस्था केली. तिथे प्रवासी संख्या ठळकपणे वाढली. दोन्ही शहरांची परिस्थिती वेगळी असल्याने यावरून नियम काढणे घाईचे ठरेल, पण माझ्यापुरते बोलायचे तर वेळेवर न येणारी मोफत बस मला महागच पडते.

फेरमांडणी मात्र कटू असते. तेवढ्याच गाड्या आणि तेवढेच चालक असतील, तर प्रत्येक गल्लीत तासाला एक बस आणि मोजक्या रस्त्यांवर दर १० मिनिटांनी बस, यांतून एकाचीच निवड करावी लागते. दुसऱ्या पर्यायात प्रवासी वाढतात, पण कोणाच्या तरी दारातला थांबा जातो, आणि ती व्यक्ती बहुधा वृद्ध असते. हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. शहर बसकडून काय मागते ते आधी उघडपणे ठरले पाहिजे, ते वेळापत्रक आखणाऱ्यावर ढकलू नये.

प्रवासी वाढल्यावर एक नवीच अडचण उभी राहते. थोडी उशिरा आलेली बस थांब्यावर जास्त माणसे उचलते, त्यामुळे आणखी उशीर होतो. मागची बस रिकामी असल्याने वेगाने येते, आणि अखेर दोन्ही एकामागोमाग लागून धावतात. दर १० मिनिटांची बस अशी जोडीने दर २० मिनिटांनी येऊ लागली, तर गाड्या तेवढ्याच असूनही सरासरी थांबणे ५ मिनिटांवरून १० वर जाते. त्यावर एक उपाय असा की मागच्या बसला मधल्या एखाद्या थांब्यावर मुद्दाम काही क्षण उभे ठेवायचे. बसलेले प्रवासी तेव्हा वैतागतात. मीही खिडकीतून चालकाकडे रागाने पाहिले आहे, कारण ते क्षण पुढच्या थांब्यांवर उभ्या असलेल्यांसाठी राखलेले आहेत, हे आतून दिसत नाही.