गॉलवेची अंगठी

आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात उतरल्या दिवसापासून एकच अंगठी सगळीकडे दिसत होती. दागिन्यांच्या दुकानांत तर होतीच, पण बेकरीत माझा पाव कागदात बांधून देणाऱ्या बाईंच्या बोटातही तीच. दोन हातांनी धरलेलं हृदय आणि त्यावर मुकुट. हात म्हणजे मैत्री, हृदय म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा.

एवढं दुकानातल्या कार्डावर छापलेलंच असतं. मला खरं आवडलं ते ती घालायची रीत. उजव्या हातात, हृदयाचं टोक बोटाच्या नखाकडे असेल तर माणूस मोकळा. टोक मनगटाकडे वळलं की कुणावर तरी जीव जडलाय. डाव्या हातात टोक नखाकडे म्हणजे साखरपुडा झालाय, मनगटाकडे म्हणजे लग्न. आपल्याकडे जोडवी किंवा मंगळसूत्र बाईचंच लग्न सांगतं, पुरुषाच्या अंगावर तशी खूण नसते. इथे पुरुषही हीच अंगठी घालतात, आणि आयुष्य बदललं की नवा दागिना न घेता आहे तोच फिरवतात. हे मला फार सुंदर वाटलं.

अंगठीचं नाव क्लॅडा. हे नाव एका गावाचं, म्हणून ते बघायला निघाले. १५८४ मध्ये बांधलेल्या स्पॅनिश आर्चजवळून पूल ओलांडला की कॉरिब नदीच्या पलीकडे क्लॅडा लागतं. आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थ गोट्यांचा किनारा. शहराच्या तटबंदीबाहेरचा हा कोळीवाडा. त्यांचा स्वतःचा निवडलेला राजा असे, त्याच्या होडीला पांढरं शीड. मला गवताने शाकारलेली घरं बघायची होती, पण ती १९३०च्या दशकात पाडली गेली. आता तिथे नीटनेटक्या घरांच्या रांगा आहेत आणि पाण्यात हंस. मी बराच वेळ धक्क्यावर बसून राहिले. गाव गेलं, आणि त्याचं नाव जगभरच्या बोटांत राहिलं, हा विचार काही केल्या जाईना.

अंगठीची कथा मात्र शहरातल्या रिचर्ड जॉइसची सांगतात. चाच्यांनी त्याला पकडून अल्जीरियात विकलं, तिथे तो सोनारकाम शिकला, आणि इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या काळात सुटून घरी आला. १७०० च्या सुमाराच्या काही अंगठ्यांवर त्याची समजली जाणारी खूण आहे. दोन हात गुंफलेल्या अंगठ्या युरोपात रोमन काळापासून आहेत. त्यांत हृदय आणि मुकुट मिळाले आणि ही घडली.

डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातला तारा ब्रोच नावाच्या बाबतीत याच्या नेमका उलट. कारागिरी इतकी बारीक की डोळे दमतात, पण तारा टेकडीशी, म्हणजे आयर्लंडच्या प्राचीन राजांच्या जागेशी, त्याचा काही संबंध नाही. १८५० मध्ये तो बेटिसटाउनच्या किनाऱ्याजवळ सापडला, आणि भारदस्त वाटावं म्हणून एका जवाहिऱ्याने हे नाव दिलं. न्यूग्रेंज या प्राचीन थडग्यातल्या दगडावरची तिहेरी वेटोळी ‘केल्टिक’ म्हणून लॉकेटात विकतात. तो दगड सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचा, केल्टिक संस्कृतीच्या कितीतरी आधीचा. क्लॅडाचं नाव मात्र खऱ्या वस्तीचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच बेकरीत गेले. आता बाईंची अंगठी मला वाचता येत होती: डावा हात, टोक मनगटाकडे. कुणाची, असं विचारलं. आईची, त्याआधी आजीची, म्हणाल्या, आणि हात पुढे केला. मुकुटाची टोकं झिजून पार गोल झाली होती.