सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही

माझ्या प्रकरणातले पाच महिने एका नोटिशीने खाल्ले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज दाखल होणे त्यामानाने सोपे गेले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तशा मलाही एक वकीलबाई मिळाल्या. माझ्या मसुद्यात नवऱ्याचा उल्लेख चार ठिकाणी ‘सोशिओपॅथ’ असा होता. त्यांनी चारही शब्द खोडले आणि समासात फक्त ‘तारीख?’ असे लिहिले. तेव्हा ते मला झोंबले होते.

नवऱ्याला द्यायच्या नोटिशीची बजावणी संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली पीडित स्त्रीच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत) दोन दिवसांत किंवा न्यायालय देईल तेवढ्या वाजवी मुदतीत व्हावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात पहिली नोटीस त्या कार्यालयातच पडून होती. जावक क्रमांक पडला होता, पण पाकीट टेबलावरच्या गठ्ठ्यात होते आणि संबंधित कर्मचारी रजेवर होते. दुसरी आणि तिसरी परत आली ती ‘सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन. ज्या आठवड्यात तो ‘मिळून आला नाही’, त्याच आठवड्यात त्याने मला त्याच घराच्या गॅलरीतून चहाच्या कपाचे छायाचित्र पाठवले, खाली लिहिले होते, ‘मी घरीच आहे, तूच गेलीस.’ मी संतापून तो संदेश पुसून टाकला. असे मुळीच करू नये. पुढच्या खेपेला तसाच संदेश आला तेव्हा वकीलबाईंनी त्याची छापील प्रत काढून, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडून ती न्यायालयासमोर ठेवली.

प्रत्येक फेरीत मला एकच उत्तर मिळे, ‘मॅडम, पुढची तारीख घ्या.’ नोटीस कामाच्या ठिकाणीही बजावता येते आणि माणूस सापडत नसेल तर ती दारावर डकवण्याची तरतूद नियमांत आहे, हे मला त्या कार्यालयाने नव्हे, तर न्यायालयाच्या आवारात टंकलेखन करणाऱ्या काकांनी सांगितले. नवऱ्याच्या नोकरीचा पत्ता अर्जात पहिल्याच दिवशी लिहिला असता तर, या विचाराने मी कित्येक रात्री जागून काढल्या. शेवटी त्याच्या नोकरीच्या पत्त्यावर नोटीस गेली आणि चौथ्या दिवशी तो इस्त्रीच्या शर्टात, हात जोडून, अत्यंत नम्रपणे न्यायालयात हजर झाला. त्याची ती नम्रता पाहून माझेच हातपाय गार पडले. समुपदेशक ताईंनी आधीच सांगून ठेवले होते की त्या दिवशी त्याच्याकडे न बघता वकीलबाईंच्या फायलीकडे बघायचे. मी फायलीची दोरी बोटाला गुंडाळत बसले.

यानंतर दोन्ही बाजूंची मालमत्ता व दायित्वांची शपथपत्रे दाखल झाली (सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निर्णयापासून पोटगीच्या प्रकरणात ती द्यावीच लागतात, म्हणून बँकेचे उतारे आधीच काढून ठेवावेत) आणि त्याने माझ्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नये, असा अंतरिम आदेश झाला. आदेशाची प्रत विनाशुल्क मिळते आणि ती पोलीस ठाण्यालाही द्यावयाची असते. तरीही मी स्वतः एक प्रत ठाण्यात नेऊन दिली आणि माझ्या प्रतीवर पोच घेतली. त्या शिक्क्यावरची तारीख मी तिथल्या बाकावर बसून तीनदा वाचली.