वस्तरा कानाखाली असताना कॉनरला ओव्हररेटेड म्हणू नये

डब्लिनला येऊन आता चार वर्षं होतील. पाऊस, घरभाडं आणि इथला यूएफसी (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या फाइट्सची स्पर्धा) फायटर कॉनर मॅकग्रेगर, ह्या तीन विषयांवर इथे कोणीही कधीही सुरू होतं. पहिल्या दोनांवर सगळ्यांचं एकमत असतं, तिसऱ्यावर मात्र घराघरात भांडणं.

माझा न्हावी क्रमलिनचा, म्हणजे कॉनरच्याच एरियातला. मागच्या महिन्यात कल्ले नीट करायला त्याने वस्तरा काढला, तेवढ्यात टीव्हीवर जुनी फाइट लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं की गडी भारी आहे पण हवा जरा जास्तच झाली. वस्तरा थांबला. कानाच्या खाली, तिथेच. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "कोणाची हवा?"

मी म्हटलं, रोंडा राउझीची.

खोटं बोललो. रोंडा ही यूएफसीतली बायकांची चॅम्पियन, तिला 2015 ला मेलबर्नमध्ये हॉली होमने लाथेने झोपवलं आणि पुढच्या वर्षी अमांडा नुनेसने 48 सेकंदात संपवलं, त्यामुळे तिला ओव्हररेटेड म्हणणं सोपं जातं. पण ती आली म्हणून 2013 ला यूएफसीत बायकांची पहिली फाइट झाली, त्याच्या दोनच वर्षं आधी यूएफसीचा प्रमुख डेना व्हाइट कॅमेऱ्यासमोर सांगत होता की बायका इथे कधीच लढणार नाहीत. तिचा बॉक्सिंगचा उदोउदो जास्त झाला, हे खरं. ज्युदो मात्र ऑलिम्पिक ब्रॉन्झवालं होतं, त्यात हवा नव्हती.

आता कॉनरचं. डाव्या हाताचा ठोसा खराच होता, ह्यात वादच नाही. 2013 ला यूएफसीत आला तेव्हा सोशल वेल्फेअरच्या पैशावर जगत होता, आणि 2016 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला एडी अल्वारेझला हरवून एकाच वेळी दोन वजनगटांचे चॅम्पियनचे बेल्ट खांद्यावर घेणारा यूएफसीतला पहिला माणूस झाला. पण त्यातला एकही बेल्ट त्याने कधी डिफेंड केला नाही, म्हणजे पुढच्या आव्हानवाल्याशी लढून राखला नाही. एकदासुद्धा नाही! दुसरीकडे यूएफसीतल्याच डेमेट्रियस जॉन्सनने लागोपाठ अकरा वेळा बेल्ट राखला आणि त्याला रस्त्यात कोणी ओळखणार पण नाही. माझं म्हणणं एवढंच, फायटर म्हणून नाही, चॅम्पियन म्हणून ओव्हररेटेड.

घरी हे बोलायची सोय नाही कारण रूममेट ब्राझीलचा. त्याच्यासाठी जोसे आल्डो म्हणजे देवच, दहा वर्षं न हरलेला, आणि त्या देवाला कॉनरने 2015 च्या डिसेंबरात 13 सेकंदात आडवा केला. ती जखम अजून ओलीच आहे. एकदा किचनमध्ये मी कॉफीत साखर टाकत होतो, ह्याने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, मी नीट ढवळून चमचा सिंकमध्ये ठेवेपर्यंत 13 होऊन गेले होते. म्हणे, "बघ, एवढ्या वेळावरून माणसाची किंमत ठरवता तुम्ही." मग लगेच नेट डियाझ काढला, जो जेमतेम अकरा दिवसांच्या नोटिसवर आला आणि दुसऱ्या राउंडला कॉनरचा गळा आवळून गेला. मी म्हटलं अरे पाच महिन्यांनी कॉनरने परतफेड केली की. तर हा उठून भांडी घासायला लागला. एरवी कधी घासत नाही.

शेवटी निवाडा करायला बाबांना कोल्हापूरला 2018 ला कॉनर खबीब नुरमागोमेदोवकडून हरला त्या फाइटची क्लिप पाठवली. बाबांचं तरुणपण तालमीत गेलंय, त्यांना यूएफसी वगैरे काही माहीत नाही. संध्याकाळी फोन आला. "हाताला जोर हाय पोराच्या, पण खाली गेला की सुटायलाच येईना. वस्ताद कोण ह्याचा?" आणि वरचा कोण, म्हणून खबीबची चौकशी. मी मुद्दाम काडी घातली, म्हटलं ह्याचीही हवाच आहे हो बाबा, तीनदाच बेल्ट राखला आणि 29-0 वर घरी जाऊन बसला. बाबा चिडलेच. "न हरता लंगोट खुंटीला टांगला त्यानं, त्याला कसली नावं ठेवतोस? तू कधी जोर मारलेस रे?"

मी विषय बदलला, पाऊस पडला का विचारलं.

तर न्हाव्याचं राहिलंच. रोंडाचं त्याने लगेच मान्य केलं आणि दुसरा कल्ला खुशीत उतरवला, बोलता बोलता खबीबविरुद्ध तिसरा राउंड आपण जिंकलो होतो हेही दोनदा ऐकवलं. मी मान हलवत नव्हतो, वस्तरा होता. पैसे दिले, जॅकेट घातलं, दार उघडं धरलं आणि मग सांगितलं, दोन बेल्ट आणि डिफेन्स शून्य.

तो टॉवेल झटकत हसला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी दाढी पण करून घे."