सगळ्यात स्वस्त नाण्यावरची बाई

अथेन्समधे मोनास्तिराकीच्या जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारली की जुनी घड्याळं, चमचे, फोटोफ्रेमा असलं काय वाट्टेल ते विकायला मांडलेलं असतं आणि त्यातच कुठेतरी युरो यायच्या आधीच्या द्राख्मा नाण्यांचा ढीग. मला त्या ढिगात हात घालायचा नादच लागलाय. लाडकं नाणं म्हणजे 1988 पासून निघालेलं 1 द्राख्माचं, तांब्याचं, आपल्या जुन्या चार आण्याएवढं पिटुकलं, एका बाजूला शिडाचं जहाज आणि दुसरीकडे लास्कारिना बुबुलिना.

बाई काय जबरदस्त होती! 1771 चा जन्म, तोही कॉन्स्टँटिनोपलच्या तुरुंगात, कारण तुर्कांनी बापाला तिथे डांबलेलं आणि आई त्याला भेटायला गेलेली. पुढे दोन लग्नं, दोन्ही नवरे दर्यावर्दी, दोघेही चाच्यांशी लढताना गेले. हातात बक्कळ पैसा आणि पदरात पोरं, दुसरी कोणी गप घरी बसली असती, हिने स्पेत्सेस बेटावर 18 तोफांचं 'अगामेम्नॉन' नावाचं जहाज बांधून घेतलं, आणि 1821 ला ग्रीकांचा तुर्कांच्या राज्याविरुद्ध उठाव झाला तेव्हा पन्नाशीची ही बाई स्वतःची जहाजं घेऊन नाफ्प्लिओच्या किल्ल्याला समुद्रातून वेढा घालायला गेली. खलाशांचा पगार, दाणागोटा, दारूगोळा, सगळं पदरचं! त्यातच आर्गोसजवळच्या लढाईत मुलगा गेला. तुर्कांच्या ताब्यातलं त्रिपोलित्सा शहर पडलं तेव्हा कत्तल चालू असताना पाशाच्या जनानखान्यातल्या बायकांना हिनेच वाचवलं म्हणतात. आणि मरण कसं आलं तर 1825 मधे, घरगुती भांडणात. तिच्याच एका मुलाने कुत्सिस घराण्यातली मुलगी पळवली, तिचे नातेवाईक दारात आले, बुबुलिना खिडकीतून त्यांच्याशी भांडत होती आणि खालून कोणीतरी गोळी झाडली. तुर्कांच्या तोफांतून वाचलेली बाई सोयऱ्यांच्या हातून गेली हो.

आता माझी तक्रार ऐका. त्या वेळच्या नाण्यांत 5 वर अ‍ॅरिस्टॉटल, 10 वर डेमोक्रिटस, 50 वर होमर, आणि बायका कुठे, तर 1 वर बुबुलिना आणि 2 वर मिकोनोस बेटावरची मांतो माव्रोयेनूस, तीही याच लढ्यातली, तिनेही सगळी इस्टेट लढ्यातच घातलेली. दोघींनी मिळून 3 द्राख्मा! युरो आला तेव्हा 340.75 द्राख्माला 1 युरो असा भाव होता, करा हिशोब. नोटेच्या मागच्या बाजूला तरी होती म्हणा बुबुलिना, 50 द्राख्माच्या. आता ग्रीसच्या 2 सेंटवर त्या लढ्याच्या काळातलं जहाज आहे फक्त, बाईमाणूस नाही.

स्पेत्सेसला तिचं घर 1991 पासून म्युझियम आहे, अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून फास्ट बोट जाते. सप्टेंबरमधे 'आर्माता' नावाचा उत्सव असतो, 1822 च्या लढाईची आठवण म्हणून तुर्की जहाजाची मोठ्ठी प्रतिकृती बंदरात पेटवून देतात, तेव्हा यायचं असेल तर हॉटेल खूप आधी बुक करा, आयत्या वेळी मिळणं मुश्कील.