सापडला का तुझा डच?

"सापडला का गं तुझा डच? मग आता पासपोर्ट मिळणार?" आईच्या दफनाहून परतताना एका नातेवाइकांनी विचारलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच लिहिते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या शिपाई पूर्वजाच्या नावावर कुणी पासपोर्ट देत नाही, आणि मी कधी मागितलेलाही नाही.

आईचं माहेर फोर्ट कोचीचं. तिकडच्या बायबलच्या पहिल्या पानावर घराण्याची यादी आहे. सगळ्यात वर तो, डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, हॉलंडचा. खाली 'पत्नी, कॅप्टनची मुलगी'. तिचं नाव नाही. मला तेव्हा ते खटकलंसुद्धा नाही, मला फक्त तो हवा होता.

तो मिळाला. कंपनीच्या पगारवह्या हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत; माणूस कुठल्या गावचा, कुठल्या जहाजानं आला, हे त्यांत असतं. गाव जर्मन मुलखातलं निघालं. कंपनीत असे हजारो होते. दोन दिवस वाईट वाटलं, मग गेलं.

नंतर फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चच्या नोंदी, 1751 ते 1804 च्या. त्याच्या थोरल्याचा बाप्तिस्मा त्यात होता. बापाचं नाव, आडनाव, हुद्दा. आईच्या जागी 'मारिया फान मलबार', म्हणजे मलबारची मारिया. बस. विकत घेतलेल्या बायकांना बाप्तिस्म्यात अशी नावं मिळत.

त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती गवार मोडत होती.

"मारिया पुढे काय?"

"काहीच नाही."

"आणि कॅप्टन?"

"कॅप्टन नव्हताच, आई. ती गुलाम होती."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "म्हणजे माझ्या बाबांनी खोटं लिहून ठेवलं?"

मी "हो" म्हणाले.

तिनं बायबल कपाटात ठेवलं आणि आठ महिन्यांनी गेली, तोवर तो विषय पुन्हा निघाला नाही. खरं ते सांगितलं, असं मी स्वतःला बजावत राहिले. पण ते पुरतं खरं नव्हतं. कंपनीच्या माणसाशी लग्न करायचं तर बाईला ख्रिस्ती व्हावंच लागे. नुसत्या नावावरून ती विकत घेतलेली की स्वतंत्र, हे ठरत नाही. हे मला त्या संध्याकाळीही ठाऊक होतं. शिवाय ती ओळ आजोबांच्याच हातची कशावरून? त्यांनी कदाचित वडिलांकडून ऐकलेलं उतरवलं असेल. मला शोध लागल्याचा आनंद झाला होता आणि तो मी म्हाताऱ्या आईवर ओतला.

तरीही गप्प बसायला हवं होतं, असं म्हणवत नाही. दोनशे वर्षं त्या बाईला घरात नाव नव्हतं. तेही मीच चालू ठेवायचं का?

त्यांच्या लग्नाची नोंद अजून मिळालेली नाही. तिथे मारियाच्या नावाआधी 'स्वतंत्र' असा शब्द आहे का, तेवढं मला पाहायचं आहे. तो मिळाला तर सांगायला आई नाही. डच केव्हाच सापडलाय.