ताण आला की सेरोटोनिन आटतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून: ताणामुळे सेरोटोनिन (मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन) बनवणाऱ्या पेशी थंडावतात का? निदान उंदरांत तरी बऱ्याचदा उलटंच दिसतं. त्या गरजेपेक्षा जास्त चेकाळतात.

मध्यमेंदूत मधल्या रेषेवर डॉर्सल राफे नावाचा, सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींचा पुंजका आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत स्टीव्हन मायर या मेंदूसंशोधकाच्या प्रयोगशाळेत याच पुंजक्यावर वर्षानुवर्षं काम झालं. रीत अशी. उंदीर एका छोट्या खोक्यात, समोर चाक, शेपटी मागून बाहेर, तिला विजेच्या तारा. साधारण मिनिटाच्या अंतराने असे सुमारे शंभर झटके. पहिल्या उंदराने चाक फिरवलं की झटका थांबतो. दुसऱ्याचं चाक नुसतं नावाला. त्याचा झटका पहिल्याच्या हातात. तिसरा आपल्या पिंजऱ्यात निवांत. म्हणजे पहिल्या दोघांना वीज अगदी सारखीच मिळते. तरी राफेतल्या पेशी जास्त भडकतात त्या दुसऱ्याच्या, आणि दुसऱ्या दिवशी सहज निसटता येईल अशा पेटीतही तो निसटायला शिकत नाही.

असं का? एरवी सोडलेलं सेरोटोनिन त्याच पेशींवरच्या ५-एचटी१ए ग्राहकांवर (रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप टिपणारी प्रथिनं) बसून त्यांना ब्रेक लावतं. या ताणानंतर तो ब्रेक काही दिवस सैल राहतो.

मोजताना चुका होतात त्या इथे. पेशी जागी झाल्याची खूण म्हणून फॉस प्रथिन रंगवतात, पण ते तयार व्हायला तास-दोन तास लागतात. मेंदू दहा मिनिटांत काढला तर हाती काही लागत नाही. नुसतं फॉस मोजूनही भागत नाही. शेजारीच गॅबाच्या (इतर पेशींना शांत करणाऱ्या रसायनाच्या) पेशी असतात, म्हणून सेरोटोनिनचा रंगही मेंदूच्या त्याच पातळ कापावर हवा. आणि काप पुंजक्याच्या एकाच पातळीचे हवेत, कारण पुढचा आणि मागचा भाग सारखा वागत नाही. पिंजरा एका खोलीतून दुसरीत नेणं हाही ताणच, हे तर सर्रास विसरलं जातं.

‘ताण’ हा शब्दही फसवा. पाण्यात पोहायला लावलेल्या उंदरांत मेंदूच्या स्ट्रायटम या भागात सेरोटोनिन वाढतं, तर अमिग्डाला या दुसऱ्या भागात घटतं.

२००५ मध्ये मायर यांच्या गटाने चाक चालणाऱ्या उंदरांच्या मेंदूचा पुढचा, आतल्या बाजूचा भाग म्युसिमॉल या औषधाने तात्पुरता बंद केला. त्या उंदरांनी चाक नेहमीसारखंच फिरवलं, झटकेही स्वतःच थांबवले. तरीही राफे भडकला, आणि दुसऱ्या दिवशी ते त्या दुसऱ्या उंदरासारखेच अडकून पडले.